काळ कोणाच्या वस्तूंनी मोजायचा?

इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती लेखणी असते, तशी कालगणनाही असते. एखादे गाव केव्हा वसले हे ठरविणारा त्या गावातील माणसांचे जगाशी नातेही ठरवून टाकतो.

आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या भूमीवर मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांनी आपला संघ उभारला. ते स्वतःला हौदेनोशोनी म्हणवितात, म्हणजे लांबघरांचे लोक. मका, घेवडा, भोपळा पिकविणारी त्यांची गावे एका जागी कायम नसत. जमिनीचा कस उतरला, जवळचे सरपण संपले, की काही दशकांत गाव उठे आणि थोड्या अंतरावर नव्याने वसे. म्हणून गावांचा क्रम लावणे म्हणजेच त्या समाजाचा इतिहास लावणे.

विसाव्या शतकातील संशोधकांनी हा क्रम बराचसा युरोपीय मालावरून लावला. काचमणी, पितळ, लोखंड सापडले तर गाव नंतरचे; न सापडले तर आधीचे! यात एक गृहीत दडले होते: गोऱ्यांचा माल सर्वत्र एकाच वेगाने पोचला आणि दिसताच सर्वांनी तो घेतला. वैरामुळे वाट अडली असेल, कोणी तो माल नाकारला असेल, ही शक्यता हिशेबातच नव्हती.

हौदेनोशोनींच्या भाषाकुळातील शेजारी वेंडाट यांचे टोरांटोजवळचे मँटल हे गाव असेच १५०० ते १५३० मधले मानले गेले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते १६०० च्या आसपास आणले. पुरावा होता मक्याच्या दाण्यांसारख्या अवशेषांतील कार्बन-१४ चा. दाणा एकाच हंगामाचा असतो, म्हणून तो नेमके बोलतो. सोळाव्या शतकात मात्र एकाच मापाला दोन काळ जुळू शकतात. तेथे कुडाच्या खांबांतील वृक्षवलये आणि गावांचा ज्ञात क्रम एकत्र धरून संख्याशास्त्राने निवड केली जाते. पुढे मोहॉक खोऱ्यातील गावांनाही हीच कसोटी लावली गेली.

पाऊणशे वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. विखुरलेली गावे एकत्र येऊन तटबंदी का उभारू लागली, याची कारणे त्यामुळे पुन्हा शोधावी लागतात.

परक्याचा मणी नसणे म्हणजे मागासलेपण नव्हे. ज्यांच्या भूतकाळाच्या तारखा इतरांनी लिहिल्या, त्यांनी आधी विचारावे: मोजण्याचे माप कोणाचे?