व्यापाऱ्यांचे वाडे आणि त्यांची भाषा

आदिलाबादला समुद्र नाही. वेंगुर्ल्यासारख्या बंदरात गलबतांतून उतरलेला माल वखारीत साठत असे. आमच्या भागात पैनगंगेकाठच्या काळ्या रानांतून कापूस व धान्य बैलगाड्यांनी पेठेत येई. तथापि बंदर असो वा पेठ, व्यापाऱ्याच्या घराला दोन गोष्टी एकाच छपराखाली साधाव्या लागतात : परक्यास आत घेणे आणि घरच्यांस आडोसा देणे. या दृष्टीने पाहिले असता वाड्याची रचना सहज उलगडते.

मालासाठी मोठा दरवाजा उघडावयाचा. एरवी माणसाने त्यातील दिंडीतून वाकून आत यावयाचे. पुढे ढाळज, मग चौक व त्याभोवती ओसरी. गिऱ्हाइकाची व दलालाची धाव ओसरीवरील बैठकीपर्यंत. माजघर, देवघर व स्वयंपाकघर त्यापलीकडे. धान्य भिंतीच्या पोटातील बळदात.

घराचा भार मुख्यत्वे भिंतींवर नसून सागवानी खांब व तुळयांवर असतो. खांबाखालील दगडी तळखडा ओल व वाळवी दूर ठेवतो. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण; घराचे माप खणांत सांगत. म्हणूनच पावसाने एखादी भिंत ढासळली तरी छप्पर उभे राहते. येथे पाऊस वर्षाला १००० मिलिमीटरांहून अधिक. त्यामुळे मराठवाड्यातील सपाट माळवदापेक्षा उतरते कौलारू छप्पर अधिक सोयीचे.

ज्या सागवानाने वाडा तारला, तेच आज त्याच्या मुळावर आले आहे. सांगाडा सुटा करता येतो व जुन्या लाकडाला चांगली किंमत येते. वाटण्या झालेल्या, डागडुजीने थकलेल्या वारसांस दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही.

परंतु वाड्याबरोबर भाषाही जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले व २०१४ पासून तेलंगणात आहे. येथील मराठीचा मोठा आधार घर हाच होय. ‘अडसर’ म्हणजे अडचण, एवढेच आमचे विद्यार्थी जाणतात. दरवाजामागील तो आडवा लाकडी दांडा ज्याने पाहिला, त्यालाच त्या शब्दातील जोर कळतो.

वाडा वाचविणे शाळेच्या आवाक्यात नाही. मात्र त्याचे खण मोजणे, नकाशा काढणे आणि वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक भागाचे नाव मराठीत व तेलुगूत लिहून ठेवणे, हे वरच्या वर्गांतील मुलांना खचित जमेल. लाकूड विकले जाण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.