जळणातले पाणी

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. मधून भीमा वाहते. दोन्हीकडे ऊस होतो. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, पाटस या भागात गुऱ्हाळेही आहेत. गुऱ्हाळावर रस आटवायला भरपूर जळण लागते. त्यातले पुष्कळसे ऊसच देतो. ते म्हणजे चिपाडे.

चरकातून नुकतेच निघालेले चिपाड हातात घ्या. ओले आणि जड लागते ना? अशा १० किलो चिपाडांत सुमारे ५ किलो पाणीच असते. पाणी काही जळत नाही. चुलवाणात ते आधी तापते, मग त्याची वाफ होते आणि ती धुराड्यातून निघून जाते. वाफ करायला उष्णता लागते. ती कोण देते? उरलेली चिपाडेच! त्यांच्या उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा असा खर्च होतो. म्हणजे सात पाट्या घातल्या, तर एका पाटीचा जाळ काहिलीला लागतच नाही. शिवाय जाळ मंद राहतो, जळण अर्धवट जळते, धूर होतो. ते नुकसान वेगळेच.

जाळ मंद, की रस आटायला वेळ लागतो आणि गूळ काळपट होतो. मग कोणी जुने टायर, चपला, प्लॅस्टिक चुलवाणात टाकतात. अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या आहेत. तो धूर विषारी असतो. जाळ घालणारा मजूर तो आधी गिळतो, मग शेजारच्या वस्तीवरची पोरेबाळे. चार पैसे वाचवायचे आणि छाती बिघडवून घ्यायची, हा कसला हिशेब?

यावर उपाय फुकटचा आहे. ऊन! चिपाडे पातळ पसरावीत, उलटीपालटी करावीत. चिपाड वाकले तर ओले. कट्‌कन मोडले तर वाळले. वाळलेल्या चिपाडांची रास उंचवट्यावर रचावी. पावसाचा भरवसा नसतो, म्हणून वर झाकण हवे. रास चुलवाणापासून लांब ठेवावी. वाळले चिपाड एका ठिणगीने पेटते.

कोळशाचेही असेच आहे. तामिळनाडूत नेवेली येथे लिग्नाइट नावाचा तपकिरी कोळसा निघतो. त्याच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असते. असा कोळसा लांब नेला, तर पाण्याचेच गाडीभाडे भरावे लागते. म्हणून तेथे खाणीजवळच वीजघरे बांधली आहेत. जर्मनीत असा कोळसा वाळवून, दाबून त्याच्या विटा पाडण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला. वाळवलेला कोळसा नुसता मोकळा ठेवला, तर तो पुन्हा ओल धरतो आणि कधी आपोआप पेटतोही. विटा केल्या की साठवायला सोपे जाते.

आपल्याला यंत्र नको. घरच्या चुलीसाठीही हाच नियम. लाकूड ओले, तर स्वयंपाकाला वेळ लागतो आणि बाईचे डोळे चुरचुरतात. म्हणून पावसाळ्याआधीच लाकडे फोडून, वाळवून आडोशाला रचून ठेवावीत.

खात्री करायची आहे? ओल्या चिपाडांची एक पाटी तोला. ती चिपाडे चांगली वाळवा आणि पुन्हा तोला. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी आपण चुलवाणात घालत होतो. हा हिशेब पाटीवर मांडा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.