बांध, बर्फ आणि हद्दीचा दगड

मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी हातकणंगले स्टेशनात थांबली, की काळी लोखंडी ट्रंक खांद्यावर घेतलेला एखादा फौजी हमखास उतरायचा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याला त्याचे नवल नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यात तर ‘सैनिक टाकळी’ नावाचे गावच आहे. तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. माझा आतेभाऊही असाच फौजेत गेला. आम्ही भावंडे त्याला दादा म्हणायचो.

१९८६ च्या हिवाळ्यात त्याची पत्रे येईनाशी झाली. मी तेव्हा आठवीत होतो. आत्तीला लिहिता येत नसे. ती सांगायची आणि मी आंतरदेशीय पत्रावर उतरवायचो. पत्ता मोठा चमत्कारिक वाटे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ गाव नाही, जिल्हा नाही. ‘‘ह्ये छपन्न गाव हाय तरी कुटं?’’ असे आत्ती दर वेळी विचारायची, आणि मी शाळेच्या नकाशात ते शोधत बसायचो.

पुढच्या उन्हाळ्यात दादा रजेवर आला. जम्मूहून झेलम एक्स्प्रेसने पुणे आणि पुण्याहून महालक्ष्मी. स्टेशनावरून घरापर्यंत तो पाय जपून टाकत चालला. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्याने मोजे काढले, तेव्हा उजव्या पायाची दोन बोटे नव्हती. हिमदंशाने गेली होती. आत्ती रडली नाही. बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिली आणि एवढेच म्हणाली, ‘‘तितं पिकतं तरी काय रं?’’

‘‘बर्फ,’’ दादा म्हणाला.

‘‘आन् त्येच्यासाठनं ह्ये?’’

त्यावर दादा जे बोलला, ते मला आजही शब्दन् शब्द आठवते. ‘‘आये, आपल्या माळाच्या बांधाचं आठव.’’

आत्तीच्या माळाच्या शेताचा बांध हे आमच्या घरातले महाभारत होते. फार पूर्वी मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले. पण ओढ्याजवळ निवडुंग आणि घाणेरीची जाळी माजलेली. मोजणीवाला तिथे शिरलाच नाही. ‘इथून पुढे ओढ्यापर्यंत सरळ’ असे लिहून तो मोकळा झाला. ओढ्याला मात्र तिथे वळण होते. आत्तीचे ‘सरळ’ एकीकडे जायचे, भावकीचे दुसरीकडे. मधल्या चार सऱ्यांत ना ऊस ना शाळू. तरी त्यासाठी अकरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या.

दादा ज्या सियाचीनवर होता, तिथले भांडण नेमके असेच आहे. काश्मीरच्या पहिल्या युद्धानंतर २७ जुलै १९४९ रोजी कराचीत दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांनी युद्धबंदी रेषा ठरवली. ही रेषा ‘एनजे ९८४२’ या बिंदूपाशी आली आणि पुढे ‘तेथून उत्तरेस हिमनद्यांपर्यंत’ एवढेच लिहून कागद मिटला. तिथे माणूस जाऊन राहील, असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. १९७२ च्या शिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली गेली, तीही त्याच बिंदूवर थांबली. भारत म्हणतो, उत्तर म्हणजे साल्टोरो पर्वतरांगेच्या धारेने उत्तर. पाकिस्तान त्याच बिंदूवरून ईशान्येला काराकोरम खिंडीकडे रेघ ओढतो. या दोन ‘सरळ’ रेघांच्या मध्ये सुमारे ७६ किलोमीटर लांबीची हिमनदी अडकली. बाल्टी भाषेत सियाचीन म्हणजे रानगुलाबांची जागा. खालच्या खोऱ्यात ते गुलाब फुलतातही.

पाकिस्तान या भागात परदेशी गिर्यारोहकांना परवाने देऊ लागला. दोन्ही सैन्यांना एकमेकांचा संशय आला, आणि १३ एप्रिल १९८४ रोजी भारताने पहिले पाऊल टाकले. कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली कुमाऊं रेजिमेंटची तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला या खिंडीत उतरली. मोहिमेचे नाव होते ‘मेघदूत’. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर, म्हणजे आपल्या विदर्भातल्या रामटेकवर, असे मानतात. तिथून तो हिमालयातल्या पत्नीला ढगाकरवी निरोप धाडतो. इथे सारे उलटे झाले. यक्ष हिमालयात, घरची माणसे महाराष्ट्रात, आणि निरोप पोचवायला ‘५६ ए.पी.ओ.’

ठाणी अठरा-वीस हजार फुटांवर. हिवाळ्यात पारा शून्याखाली पन्नासपर्यंत उतरतो. दादा सांगायचा, उघड्या हाताने बंदुकीच्या लोखंडाला स्पर्श केला तर कातडी चिकटून सोलून निघते. दोन घास पोटात गेले तर नशीब, कारण उंचीवर भूकच मरते. जून १९८७ मध्ये नायब सुभेदार बाणा सिंग यांनी एकवीस हजार फुटांवरचे पाकिस्तानी ठाणे जिंकले. त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि त्या शिखराला त्यांचे नाव. असे पराक्रम घडले. पण सियाचीनवर गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनीच अधिक जवान नेले. आणि थंडी गणवेश बघत नाही. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथे पाकिस्तानी तळावर हिमकडा कोसळला आणि १४० माणसे गाडली गेली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्या सोनम ठाण्यावरचे दहा जवान बर्फाखाली गेले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. धारवाड जिल्ह्यातले लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, साऱ्या देशाने देव पाण्यात ठेवले; पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला.

मग दोघेही खाली का उतरत नाहीत? १९८९ च्या जूनमध्ये दोन्ही देशांचे संरक्षण सचिव या टप्प्याजवळ आले होते. गाडी पुढे अडली ती एका साध्या मुद्द्यावर. भारत म्हणतो, आज कुणाचे ठाणे कुठे आहे ते आधी नकाशावर लिहू, दोघे सही करू, मग मागे सरू. पाकिस्तानला ती सही नको, कारण तसे लिहिले तर धारेवर भारत आहे हे मान्य केल्यासारखे होते. आणि सहीविना उतरावे, तर १९९९ चे कारगील आठवते. हिवाळ्यात आपण रिकामी ठेवलेली ठाणी तिथे दुसऱ्यानेच बळकावली होती. नोव्हेंबर २००३ पासून सियाचीनवरच्या तोफा शांत आहेत, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध पर्यटकांचे बळी गेले, मे महिन्यात चार दिवस दोन्ही देश एकमेकांवर तुटून पडले. अशा हवेत सहीचा कागद पुढे सरकवणार कोण?

आत्तीचा बांध मात्र मिटला. कोर्टाने नव्हे. एका नव्या मोजणीदाराने दोन्ही घरांना सांगितले, ‘‘खरी हद्द कुठली ते मागाहून बघू. आज कुणाचा नांगर कुठवर चालतो, तिथे आधी खुंट्या मारा.’’ खुंट्या मारल्या, पंचनामा लिहिला, दोघांनी सह्या-अंगठे केले. एकदा कागदावर आल्यावर रात्रीतून बांध कोरायची कुणालाच सोय उरली नाही. मग महिनाभरात जाळी तोडली, साखळी फिरली आणि दगड बसला. आत्तीची दीड सरी गेली. त्या रात्री ती पहिल्यांदा शेताच्या राखणीला कुणाला न धाडता झोपली.

हिमनदी म्हणजे माळाचा तुकडा नव्हे, हे मलाही कळते. तिथे गावचे पंच नाहीत. शिमला करारानुसार जे काही मिटवायचे ते दोघांनीच. पण आधी लिहा, मग हला, हा क्रम दोन्हीकडे सारखाच खरा आहे. न लिहिलेली हद्द राखायला माणूसच दगडासारखा उभा करावा लागतो.

दादा आता साठी ओलांडून गेला आहे. पावसाळ्यात पाय ठणकतो. परवा शेतातून येताना मी त्याला विचारले, एवढे करून काय मिळाले असे कधी वाटते का? तो हद्दीच्या त्या दगडावर टेकला आणि म्हणाला, ‘‘मी उतरल्यावर माझ्या जागी दुसरं पोर चढलं. त्येच्यानंतर तिसरं. त्यातल्या एकाच्या तरी आयेला दगड बसलेला दिसू दे, एवढंच.’’