कालबाह्य फाइल : पुसावी की राखावी?

जुने झालेले आणि निरुपयोगी झालेले या दोन गोष्टी आपण सहसा एकच मानतो. संगणकाच्या सार्वजनिक भांडारांनी त्यांत फरक केला आहे. मराठीच्या अभ्यासकांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

डोनाल्ड क्नूथ यांनी 1978 मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी केलेली साधने ‘सीटॅन’ या भांडारात कोणालाही विनामूल्य मिळतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहाउस यांनी 1991 मध्ये केलेला देवनागरी संच तेथे आहे. मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा आणि एका छोट्या प्रोग्रॅमने त्याची देवनागरी करायची, अशी त्याची रीत. पुढे त्यात अक्षरांचे मुंबई आणि कलकत्ता वळणही निवडता येऊ लागले. आज युनिकोडमुळे थेट देवनागरीत लिहिता येते, म्हणून नव्या लेखकाला या संचाची गरज उरलेली नाही. पण त्यात जुळवलेला जुना मजकूर पुन्हा छापायचा तर तोच लागतो.

जुनी फाइल नव्याच्या शेजारी तशीच ठेवली, तर नवशिका तीच उचलतो आणि फसतो. पुसून टाकली, तर तिच्यावर अवलंबून असलेले लेखन मुके होते. सीटॅनने मधला मार्ग काढला. तेथे ‘कालबाह्य’ अशी वेगळी शाखा आहे. 1994 मध्ये लाटेकची नवी आवृत्ती आली. तिच्या आधीची 2.09 ही आवृत्ती आता त्या शाखेत मिळते. फाइल वाटेतून बाजूला झाली, पण हरवली नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तरीही पाठचिकित्सक एकनाथपूर्व पोथ्यांचा शोध घेत राहिले, कारण शब्दाचे जुने रूप तेथेच सापडण्याचा संभव.

मन्नाएखेळ्ळी परिसरातील विद्यार्थी कधी वडीलधाऱ्यांच्या कवितांची फाइल माझ्याकडे आणतात. उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, पण ज्या फॉन्टमध्ये तो टंकला तो जवळ नसतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. सीमाभागातील मराठी लेखन मोठ्या ग्रंथालयांपर्यंत क्वचितच पोहोचते. अशी फाइल पुष्कळदा त्या लेखनाची एकमेव प्रत असते.

युनिकोडही स्थिर नाही. मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान 2008 मध्ये मिळाले. त्याआधीच्या फाइलींत तो स्वर वेगळ्या रीतीने लिहिलेला आढळतो आणि शोध घेताना तो शब्द निसटतो.

म्हणून लेखक-शिक्षकांनी चार गोष्टी कराव्यात. मूळ फाइल न बदलता ‘जुने’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. तिच्यासोबत तो फॉन्ट आणि एक छापील प्रत जपावी. युनिकोडमध्ये केलेल्या प्रतीला नवे नाव द्यावे आणि ती छापील प्रतीशी ताडून पाहावी. शेवटी साध्या मराठीत चिठ्ठी लिहावी : फाइल कोणत्या वर्षाची, कोणत्या फॉन्टमधली, आणि तिच्या जागी आता कोणती प्रत वापरायची. ही चिठ्ठी नसेल, तर जपून ठेवलेली फाइलही पुढच्या पिढीला वाचता येणार नाही.