खुडूक कोंबडीची चाकरी

गिनी कोंबडी हा मूळचा आफ्रिकेतील पक्षी माणसाच्या आश्रयास येऊन दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु त्याच्या संगोपनाचा मागोवा घेऊ लागले असता पदोपदी असे आढळते की, त्याच्या वंशविस्ताराचे श्रेय मालकांइतकेच एका परजातीय मादीला, म्हणजे खुराड्यातील साध्या खुडूक कोंबडीला, द्यावयास हवे, आणि इतिहासाच्या दप्तरात मात्र तिच्या या चाकरीची नोंद क्वचितच सापडते.

त्यांतली एक जुनी नोंद रोमन आहे. इ. स. पूर्व 37 च्या सुमारास वॅरो याने आपल्या कृषिविषयक ग्रंथात ठिपकेदार, पाठीला कुबड असलेल्या आफ्रिकी कोंबड्यांचा निर्देश केला. पुढे पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन ग्रंथकाराने त्यांचे संगोपन बहुतांशी मोरासारखेच करावे असे सांगितले, आणि मोराविषयी त्याने दिलेली रीत तर आजही कोणा जाणत्या शेतकऱ्याने आपल्या सुनेला सांगावी इतकी नेमकी आहे. कोंबडीखाली पाच अंडी मोराची व चार तिची स्वतःची ठेवावीत. दहाव्या दिवशी तिची चारही काढून घेऊन तितकीच ताजी घालावीत, म्हणजे दोन्ही जातींची पिले एकाच वेळी बाहेर पडतात. कोंबडीच्या अंड्याची मुदत एकवीस दिवसांची व मोराच्या अंड्याची त्याहून अधिक, हा फरक ओळखून त्याने हा हिशेब जमवला, आणि आमच्या मते त्याच्या ग्रंथातील कित्येक पांडित्यपूर्ण पानांहून या चार अंड्यांच्या अदलाबदलीचे मोल जास्त आहे.

गिनी कोंबडीच्या अंड्यास 26 ते 28 दिवस लागतात. म्हणजे दाई कोंबडीला आपल्या मुदतीपेक्षा जवळजवळ एक आठवडा अधिक बसावे लागते. ती दिवस मोजत नाही हे आपले भाग्य. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाने तिच्या अंगात जी उबवणीची ओढ उत्पन्न होते, ती पोटाखालील अंड्यांच्या स्पर्शाने टिकून राहते, आणि म्हणूनच बहुतेक कोंबड्या हा जादा आठवडा बिनतक्रार काढतात. काही मात्र मध्येच उठून जातात, यास्तव पूर्वी एकदोनदा पिले काढून पारखलेली कोंबडीच या कामाला घ्यावी, आणि बसवण्यापूर्वी तिच्या पिसांतील उवांचा बंदोबस्त करावा, असा अनुभवी माणसांचा दंडक आहे.

खरी आई असताना दाई कशाला, असे कोणी विचारील. पाळीव गिनी कोंबडी उंच गवतात घरटे दडवते, एकाच घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात, आणि पिले निघताच ती त्यांना पहाटेच्या दवातून फरफटत नेते, तेव्हा भिजून गारठलेली पिले वाटेतच मरतात; यावरून तिच्यावर निष्काळजीपणाचा आरोप नेहमी होतो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. रानात हा पक्षी विणीच्या काळात जोडीने राहतो आणि पहिल्या काही दिवसांत नरही पिलांचा सांभाळ करतो. तो संसार मोडून तिला कळपात कोंडणारे आपण, आणि दूषणे मात्र तिला.

रोमच्या अस्तानंतर युरोपात मागे पडलेला हा पक्षी पुढे पोर्तुगीजांनी गिनीच्या किनाऱ्यावरून पुन्हा तेथे नेला. एकोणिसाव्या शतकात उष्णता नियंत्रित करणारी उबवणी यंत्रे बाजारात आली आणि विसाव्या शतकातील कारखानदारी कुक्कुटपालनाने खुडूक होणे हा दुर्गुण ठरवून, लेगहॉर्नसारख्या जातींतून तो निवड करकरून जवळजवळ हद्दपार केला. कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही, आणि मालकाला अंडी हवी होती.

उत्तर घाना व बुर्किना फासो येथील खेड्यांत मात्र गावठी कोंबडीखाली गिनीची अंडी ठेवण्याची वहिवाट अद्याप चालू आहे. तेथील पिलांच्या आहाराची तजवीज पाहण्यासारखी असते: मातीच्या मडक्यात वाळके शेण व काडीकचरा भरून, थोडे पाणी शिंपडून, ते वाळवीच्या वारुळाच्या तोंडावर संध्याकाळी पालथे घालतात, आणि सकाळी ऊन चढण्याच्या आत उचलून आतली वाळवी पिलांपुढे झटकतात. कोवळ्या गिनी पिलाला प्रथिने कोंबडीच्या पिलाहून अधिक लागतात; त्यांची भरपाई अशी विनामूल्य होते.

आपल्याकडे बरेलीनजीक इज्जतनगर येथे 1979 साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने कादंबरी, चितंबरी व श्वेतांबरी हे गिनीचे वाण पुढे आणले. कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याचा परिपाठ आपल्या गावांतून जुनाच, आणि बदकाच्या अंड्याची मुदतही सुमारे 28 दिवसांचीच. त्यामुळे गिनीचे अंडे हाती आलेल्या गृहिणीला नव्याने शिकण्यासारखे फारसे काही नव्हते.

यंत्राने उबेचे काम घेतले. पण पुढच्या कामाचे काय? यंत्रातून निघालेली पिले पाण्याच्या पसरट भांड्यात बुडतात म्हणून त्यात खडे टाकावे लागतात, गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात म्हणून खाली खरबरीत गोणपाट घालावे लागते, आणि मोठी झाल्यावर ती संध्याकाळी झाडावर चढून बसतात, तेव्हा मालकाची सारी आर्जवे व्यर्थ ठरतात. कोंबडीमागे वाढलेले गिनी मात्र दिवेलागणीला तिच्यापाठोपाठ खुराड्यात शिरण्याची सवय लावून घेते. म्हणून काही पाळणारे आता दोन्हींचा मेळ घालतात: अंडी यंत्रात, खुडूक कोंबडी काही दिवस खोट्या अंड्यांवर, आणि पिले निघाली की रात्री अंधारात, खोटी अंडी काढून एकेक पिलू तिच्या पंखाखाली सरकवायचे.