कॅनडात पोहोचल्यावर: आधी परवान्याची चौकशी, मग कॉलेज

पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क) हाती घेऊन टोरांटोत उतरलेला पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर पहिल्या दोन महिन्यांत नोकरी मिळाली नाही की घाबरून कॉलेजच्या डिप्लोमाला पैसे भरतो. ही घाई टाळावी. इमिग्रेशनसाठी केलेले पदवीचे मूल्यांकन म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, हे आधी पक्के समजून घ्यावे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, इंजिनिअर, शिक्षक यांना त्या-त्या प्रांताच्या नियामक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. सॉफ्टवेअर किंवा मार्केटिंगवाल्यांना सहसा अशी अट नसते; त्यांनी सरळ नोकरीच शोधावी.

ओंटारिओत इंजिनिअरच्या परवान्यासाठी 48 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो आणि कायदा व व्यावसायिक आचारावरची परीक्षा द्यावी लागते. त्यातला 12 महिन्यांचा अनुभव कॅनडातलाच हवा, ही जाचक अट मे 2023 मध्ये रद्द झाली, आणि ते फार चांगले झाले. परवानाधारकाच्या देखरेखीखाली परवान्याशिवायही काम करता येते, म्हणून अर्ज आणि नोकरीचा शोध एकाच वेळी चालू ठेवावा.

डॉक्टरांची वाट सर्वांत खडतर. परीक्षा पास झाल्यावरही रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, जागा मोजक्याच असतात.

शिकायचेच असेल तर सरकारी मदतीवर चालणारे ब्रिजिंग कोर्स (परदेशी पात्रता आणि इथला परवाना यांतली दरी भरून काढणारे) आधी पाहा. पीआरधारकाला फी स्थानिक विद्यार्थ्याइतकीच पडते. पण कोणत्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी नियामक संस्थेला लेखी विचारा: हा कोर्स माझ्या परवान्यासाठी ग्राह्य धरला जाईल का?