रात्रभर जागून दुसऱ्याची झोप वाचणारे

घोरणारा माणूस गाढ झोपलाय, असं आपल्या वस्तीत सर्रास समजतात. पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, छाती हलते पण हवा आत जात नाही, मग माणूस गुदमरून दचकतो. हा स्लीप अ‍ॅप्निया नावाचा आजार असू शकतो. तो पकडण्यासाठी रात्रभर पेशंटवर लक्ष ठेवणारा टेक्निशियन लागतो. अमेरिकेत हे काम काही कम्युनिटी कॉलेजांत शिकवतात.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे बहुतेक सरकारी पैशावर चालणारं, कमी फीचं, दोन वर्षांचं कॉलेज. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावी असं कॉलेज सुरू झालं. दिवसा कामाला जाणारे, लेकरं सांभाळणाऱ्या बाया, काळे, परदेशातून आलेले, असे सगळे तिथं शिकतात. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते कुणासाठी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

विद्यार्थी आधी डोकं टेपनं मोजून ठरलेल्या जागी तारा चिकटवायला शिकतो. डोळ्यांपाशी, हनुवटीवर आणि छातीवरही तारा, नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. मग रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून वाचायची. आठ तासांचे ९६० तुकडे! श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की तो मोजायचा, अर्धवट अडखळलेलाही विशिष्ट नियमाने धरायचा. मोठ्या माणसात तासाला पाचच्या आत ठीक, तीस किंवा वर म्हणजे आजार तीव्र.

आणखी एक गोष्ट. मिशिगनच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसत असताना रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा काळ्या पेशंटमध्ये जवळपास तिप्पट होतं. यंत्राला जात कळत नाही म्हणतात. कातडीचा रंग मात्र आड येतो. म्हणून यंत्रापाशी आपली पोरं-पोरी बसलेली मला हवी आहेत.

घरात कुणी असं घोरत असेल, दिवसा बसल्या बसल्या पेंगत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, तर झोपेतला मोबाईल व्हिडिओ काढा आणि सरकारी दवाखान्यात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा. रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांनी तर उशीर करूच नये. दारू आणि मनानं घेतलेली झोपेची गोळी यानं त्रास वाढतो. यावर सीपॅप नावाचं हवा देणारं यंत्र १९८१ पासून आहे. लहान मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, वर्गात लक्ष लागत नसेल, तर त्याला मंद म्हणू नका. आधी टॉन्सिल आणि नाकामागची गाठ तपासून घ्या.

बारावीनंतर श्वसन किंवा मेंदूच्या तपासण्यांचे टेक्निशियन कोर्स आपल्याकडेही आहेत. अशा व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राचा कायदा झाला. फी भरण्याआधी कोर्सला मान्यता कुणाची आहे आणि रात्रीचं प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात करायला मिळेल, हे लेखी मागा.